आईंना इमॅजिकाचे तिकीट काढू नका

आपण कोल्हापूरहून पाच जण निघणार आहात, सोबत सात आणि अकरा वर्षांची मुले व सत्तरीच्या आई आहेत, एक दिवस इमॅजिका हे खोपोलीजवळचे मनोरंजन उद्यान आणि एक दिवस मुंबई असा बेत आहे, आणि गाडी ठरवावी की रेल्वे-एसटीने जावे, असा आपला प्रश्न आहे. त्यापुढे आपण लिहिले आहे, "स्वस्तात हवे, पण कंजूषपणा वाटायला नको." हे वाक्य नसते तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो, कारण नेमका याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या थोरल्या साडूंचा वाद अनेक वर्षे चालू आहे आणि घरातल्या प्रत्येक लग्नात पंगतीला तो नव्याने वाढला जातो.

दिवाळीच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबे आणि सासूबाई असे सांगलीहून निघणार होतो. मी रेल्वेचे वेळापत्रक काढून बसलो होतो, तोवर दादांनी (साडूंना आम्ही दादाच म्हणतो) परस्पर चालकासह मोठी गाडी ठरवून टाकली. भाड्याच्या गाडीचा हिशेब कसा असतो हे आपणही एकदा नीट समजून घ्यावे. दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतात. तीन दिवसांचे नऊशे किलोमीटर गाडी पळो वा न पळो, आपल्या नावावर पडतात, त्यावर चालकाचा भत्ता, द्रुतगती मार्गाचा टोल आणि मुंबईतले पार्किंग वेगळे. ज्या दिवशी आपण उद्यानात असतो त्या दिवशी गाडी बाहेर उभी असते, चालक खिडकीतून पाय बाहेर काढून मागच्या सीटवर झोपलेला असतो, आणि त्या झोपेचे पैसे आपण भरत असतो.

दादांचा दुसरा आग्रह असा की, इमॅजिका आणि गेटवे ऑफ इंडिया एकाच दिवसात उरकायचे. त्यांच्या डोक्यात गोराईचे एस्सेलवर्ल्ड होते. तरुणपणी ते मार्व्याहून बोटीने तिकडे गेले होते आणि संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर भेळ खाऊन परतले होते. पण ते उद्यान मुंबईतच होते आणि 2022 साली ते बंदही झाले. 2013 साली सुरू झालेले इमॅजिका खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्यावर आहे; तेथून मुंबई सुमारे 75 किलोमीटर. उद्यानातून दुपारी तीनला मुलांना ओढून बाहेर काढायचे आणि पनवेल, वाशी, चेंबूर करत गर्दीतून दक्षिण मुंबई गाठायची, याला सहल म्हणत नाहीत. आम्ही गेटवेला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि तिन्ही मुले गाडीत झोपली होती.

मात्र खरा वाद सासूबाईंच्या तिकिटावरून झाला. मी आदल्या रात्रीच सुचवले होते की, खोपोलीपासून महडचा वरदविनायक जवळ आहे, मी त्यांना घेऊन तिकडे जातो, बाकीच्यांनी उद्यानात जावे. त्यावर दादा सर्वांसमोर म्हणाले, "काय पाव्हणं, सासूबाईंचं तिकीट जड झालं होय?" आता यावर जावयाने काय बोलावे? तिकीट निघाले, आणि पाळण्यातसुद्धा न बसणाऱ्या त्या माऊलीने सबंध दिवस बाकावर सहा पिशव्या, तीन स्वेटर आणि सर्वांच्या चपलांची एक जादा जोडी सांभाळत काढला. 'नायट्रो' हा रोलर कोस्टर वरून कडाडत गेला की त्या पदर कानाला लावून डोळे मिटत. संध्याकाळी बाहेर पडताना त्या एवढेच म्हणाल्या, "एवढे पैसे भरून मला पिशव्या राखायला आणलं होतं होय?" या वाक्याचे श्रेय आजतागायत दादा मला देतात, त्यांच्या मते ते मी सासूबाईंना शिकवून ठेवले होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जो माणूस राईडमध्ये बसणार नाही त्याचे तिकीट काढणे हा मान नव्हे, तो देखावा आहे. आपण किंवा आपली पत्नी, ज्याला रोलर कोस्टरचे भय जास्त असेल त्याने आईंना घेऊन महडला जावे. वेळ उरला आणि त्यांचा उत्साह असला तर उद्यानाच्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे. अष्टविनायकांपैकी दोन गणपती एका दिवसात होतात आणि दोन तिकिटांचे पैसे वाचतात. दोन मुलांमागे एक मोठे माणूस पुरते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट घरूनच करून निघावे, ती म्हणजे दोघांची उंची भिंतीला लावून मोजावी आणि संकेतस्थळावर प्रत्येक राईडची उंचीची अट पाहून घ्यावी. दादांच्या धाकट्याने पट्टीखाली उभे राहून टाचा उचलल्या होत्या. तेथील मुलीने हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या पुन्हा जमिनीला टेकवल्या, आणि पुढचा अर्धा तास तो भोकाड पसरून रडला. नियम योग्यच आहे, पण तो रांगेत तासभर उभे राहिल्यावर कळू नये. सात वर्षांच्या मुलाला 'राजासॉरस'सारख्या राईडची नावे आधीपासून सांगून ठेवण्यापूर्वी त्याची उंची बघा. वॉटर पार्कचे तिकीट वेगळे असते. एका दिवसात दोन्ही होत नाहीत, तेव्हा ते घेऊ नये. घेतलेच तर नायलॉनचे कपडे घरून न्यावेत, कारण सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत आणि मग भाड्याने घ्यावे लागतात.

आता आपला मूळ प्रश्न. मी सांगेन की आधी मुंबई करावी, मग इमॅजिका. सोमवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाल्यास मंगळवारी सकाळी सीएसएमटीला पोहोचता येते आणि मुंबईत मुक्कामाचा खर्च वाचतो. सामान स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये ठेवावे, बॅगांना कुलूप मात्र हवे. स्थानकाची इमारत स्वतःच जागतिक वारसा आहे आणि समोरच्या पदपथावरून बघायला पैसे पडत नाहीत. तेथून लोकलने भायखळ्याला जावे. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, आई-वडील आणि दोन मुलांचे मिळून तिकीट शंभर रुपये आहे, आणि शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, जो इंग्रजांनी 1864 साली विलायतेला न्यायला उचलला आणि उचलताना पडून फुटला. पुढे तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. आईंना घारापुरीच्या पायऱ्या चढवण्यापेक्षा घारापुरीचा हत्ती भायखळ्यात दाखवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, म्हणूनच मी मंगळवार म्हणालो.

सामान घेऊन दुपारी तीन-साडेतीनच्या आत सीएसएमटीहूनच कर्जत किंवा खोपोली लोकल धरावी. मधल्या स्थानकावर चढू नये, आणि पाचनंतर तर आई व मुलांना घेऊन त्या गाडीत पायही ठेवता येणार नाही. थेट खोपोली गाड्या थोड्या आहेत. कर्जतला बदलावे लागले तरी दुसऱ्या वर्गाचे तिकीट माणशी पन्नासच्या आतच राहते. एक रात्र खोपोलीत साध्या लॉजवर काढावी, सकाळी पोटभर खाऊन निघावे कारण बाहेरचे पदार्थ उद्यानात नेता येत नाहीत, आणि रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवावे. रविवार टाळावा. त्या दिवशी उद्यानात गर्दी असते आणि मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो.

परतताना पुण्यामार्गे एसटी घ्यावी. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत 2020 साली काढून घेतली ती परत दिलेली नाही, पण एसटीत 2023 पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे आई आणि पत्नी दोघींचाही प्रवास निम्म्यात होतो. हे मी दादांना सांगितले तेव्हा ते म्हणाले की, बायकामाणसांना एसटीत बसवणे आमच्या घराण्यात नाही. सासूबाई आयुष्यभर जत–सांगली एसटीनेच आल्या-गेल्या आहेत, हे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावले.

एकूण आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण उद्यानाचे तिकीट तारखेनुसार बदलते. तारीख ठरली की संकेतस्थळावर पाहून आगाऊ काढावे. पावसाळ्यात जाणार असाल तर जोराच्या सरीत उघड्यावरच्या राईड थांबवतात, हे धरून चालावे. आणि आईंचे गुडघे खरोखरच दुखत असतील, तर लोकलचे पूल आणि जिने त्यांना झेपणार नाहीत. तसे असेल तर मुंबईत स्थानकापासून टॅक्सी करावी, पण कोल्हापूरहून गाडी तरीही ठरवू नये. सात जागांच्या गाडीत सातही जण तिकीट काढण्याच्या वयाचे असले तरच तो हिशेब जवळपास बसतो, आणि आपण पाचच आहात.