अतिदक्षता विभागात आत्म्याचा विचार

प्रश्न : माझे वडील वारकरी असून सध्या बेळगावातील एका रुग्णालयात कृत्रिम श्वासावर आहेत. सुधारणेची आशा नसल्याचे डॉक्टर सांगतात. यंत्रामुळे जीव अडकला आहे, असे आत्या म्हणतात. यंत्र काढणे ही हत्याच, असे धाकट्या भावाचे मत आहे. तुळशीपत्र व गंगाजल मुखी घालू दिले नाही. डॉक्टरांपुढे आत्म्याचा विषय काढणे अडाणीपणाचे ठरेल का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मुळीच नाही. आत्म्याच्या अस्तित्वाचा निवाडा वैद्यकाच्या हातात नाही. अमेरिकेतील डॉ. डंकन मॅक्डुगल यांनी मरणाऱ्या रुग्णांचे वजन करून तो करू पाहिला आणि १९०७ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. जेमतेम सहा रुग्णांवर बेतलेला त्यांचा निष्कर्ष शास्त्राने स्वीकारला नाही. रुग्णाची श्रद्धा काय आहे, हे मात्र डॉक्टरांनी विचारलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण कोणते उपचार हवेत आणि कोठे थांबावे, याचे त्याचे उत्तर त्या श्रद्धेतूनच येते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह) उभारणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी मरणासन्न रुग्णाच्या वेदनेत शरीर, मन आणि नातीगोती यांच्या जोडीने आध्यात्मिक व्यथाही धरली. आपल्याकडे तर चरकसंहितेने शरीर, इंद्रिये, मन व आत्मा यांच्या संयोगालाच आयुष्य म्हटले आहे.

गंगाजलाबाबत परिचारिकांचा नकार योग्य होता, कारण बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासमार्गात उतरू शकते. तथापि ओल्या कापसाने ओठ टिपणे, तुळस उशाशी ठेवणे आणि कानाशी हरिपाठ म्हणणे यांची परवानगी अवश्य मागावी.

भावाची शंका गंभीर आहे. बरे होण्याची शक्यता नसताना केवळ मृत्यू लांबवणारे उपचार थांबवणे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ग्राह्य ठरवले, २०२३ साली त्याची कार्यपद्धती सोपी केली आणि कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी परिपत्रक काढले. यात कोणाला मारले जात नाही. मृत्यू मूळ आजारानेच येतो. हा निर्णय एकटा डॉक्टर किंवा एकटा नातेवाईक घेत नाही, त्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांची आणि कुटुंबाची संमती लागते. यंत्र काढले तरी वेदनाशमन व शुश्रूषा चालूच राहते; आत्म्याच्या नावाखाली वेदनाशामक औषधे नाकारू नयेत, एवढी विनंती आहे.

वडिलांनी पूर्वी याविषयी काही बोलून ठेवले होते का, हे आधी आठवावे. त्यांचा शब्द आत्या आणि भाऊ या दोघांच्याही मतांपेक्षा मोठा आहे. सीमाभागात अशी बोलणी अनेकदा कन्नड-इंग्रजीतच उरकली जातात, म्हणून सर्वांच्या उपस्थितीत मराठीतून समजावून सांगण्याचा आग्रह धरावा आणि तोवर कोणत्याही कागदावर सही करू नये.