वाचकांचे प्रश्न : आम्ही कुठले धरले जाणार?

प्रश्न : ताई, आम्ही सिअ‍ॅटलला नऊ वर्षं आहोत, मी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको-मुलगी एच-4 या कुटुंबाच्या व्हिसावर. ऑफिसवाले कॅलिफोर्नियात सॅन होजेला बदली देतायत. मुलगी आता अकरावी संपवतेय. तिची बारावी इथेच होऊ द्यावी आणि मग जावं असं बायको म्हणते. माझा चुलत भाऊ तिकडेच फ्रीमाँटला असतो, तो म्हणतो आत्तापासून माझा पत्ता लावून टाका, यूसीत, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात, इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी बसेल. खरंच होतं का असं?

उत्तर : भावाला म्हणावं पत्ता तुझ्याकडेच ठेव. पाहुण्याचा पत्ता लावून कोणी रहिवासी होत नाही, आणि खोटं सापडलं तर वाढीव फी भरावी लागतेच, वर कॉलेजची कारवाई. आधी पैशाचं बघा, 2025-26 ला नव्याने घेतलेल्या मुलांना यूसीची मूळ फी 14,934 डॉलर आहे आणि बाहेरच्या राज्यातल्यांना त्यावर वर्षाला 37,602 डॉलर वेगळे, राहणं-जेवण धरलेलंच नाही. एवढा फरक आहे म्हटल्यावर ते लोक कागद बघणारच ना!

एच-4 म्हणून मात्र घाबरू नका. एच-1बी, एच-4 वाले कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरले जाऊ शकतात. फक्त टर्मच्या ठरलेल्या तारखेआधी 366 दिवस तिथे प्रत्यक्ष राहिलेलं पाहिजे आणि तिथेच राहायचंय हे कागदावर दिसलं पाहिजे. यूसीच्या बर्कली आणि मर्सेड कॅम्पसला सेमिस्टर असतं म्हणून त्यांची तारीख ऑगस्टमध्ये येते, बाकीच्या क्वार्टरवाल्या कॅम्पसची सप्टेंबरमध्ये. म्हणजे बारावीनंतर जूनमध्ये गेलात तर पहिल्या वर्षाला नक्कीच उशीर, मग वर्ष भरल्यावर परत अर्ज करत बसा. आणि तुम्ही एकटे पुढे जाऊन या दोघी सिअ‍ॅटललाच राहिल्या तरी प्रकरण अवघड होतं, कारण दिवस मुलीचेही मोजतात. माझं मत विचाराल तर या उन्हाळ्यातच तिघंही जा. बारावीला शाळा बदलायची म्हणजे मुलगी रडेल, मैत्रिणी सुटतात हो, पण 37 हजार...

गेल्यावर लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, भाडेकरार सगळं पटापट करा, जुनं वॉशिंग्टन राज्याचं, म्हणजे तुमच्या आत्ताच्या राज्याचं, लायसन्स ठेवून देऊ नका. वॉशिंग्टनला पगारावर राज्याचा टॅक्स नाही, कॅलिफोर्नियात भरावा लागतो, आणि तो भरलेला दिसला तरच तुमचं राहणं पटतं. त्या रिटर्नचा फॉर्म 540, आणि तिथे शाळा शिकलेल्यांना इन-स्टेट फी देणारा 2001 चा कायदा एबी 540, दोन्ही नावांत लोक नेहमी गोंधळतात. कायद्याला तिथल्या शाळेत तीन वर्षं लागतात, तुमच्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगते. मुलांचा एच-4 वयाच्या एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे कॉलेज चालू असतानाच. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही आणि ती एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेली तर रहिवासी म्हणून फी मिळणं जातं. वकिलाला हे आजच विचारा, तिसऱ्या वर्षी नको. कॉलेजच्या खर्चाला मिळणारी फेडरल (केंद्र सरकारची) मदतही एच-4 ला नाही, त्यामुळे ते गणित धरूच नका.

प्रश्न : मुलगा पुण्याहून टेक्सासला एमएसला गेलाय. वर्षभर राहिला की इन-स्टेट होईल म्हणतात त्याचे मित्र.

उत्तर : नाही होणार. एफ-1 म्हणजे शिकायला आलोय, परत जाणार, असं सांगूनच व्हिसा घेतलेला असतो, मग भाडेकरार कितीही वर्षांचा दाखवा. पण टेक्सासमध्ये एक चांगली सोय आहे, सरकारी विद्यापीठाची स्पर्धेतून मिळणारी किमान 1,000 डॉलरची स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या मुलालाही इन-स्टेट दराने फी लावता येते. त्याने पत्त्याचा नाद सोडून डिपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन हे विचारावं, आणि टीए-आरएच्या (शिकवण्यात, संशोधनात मदतनीस म्हणून पगारी कामाच्या) जागाही तेव्हाच विचाराव्यात.