हत्तीचा मद म्हणजे गाईचा माज नव्हे

प्रश्न असा: नर हत्ती दरवर्षी मदात येतो, म्हणजे तो प्रजननक्षम असणारच, मग कृत्रिम रेतनाला एवढा खटाटोप कशाला, आणि गाईसारख्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या का चालत नाहीत?

गाय माजावर आली की भरवायची, हे आपल्या अंगवळणी पडलंय. त्यामुळे मद म्हणजे नराचा माजच, असं वाटतं. मदात टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक कित्येक पटींनी वाढतं, गंडस्थळातून स्राव ओघळतो, मूत्र थेंबथेंब गळत राहतं, नर माहुतालाही जुमानत नाही. हे सगळं खरं; पण शुक्राणू मदाबाहेरही तयार होत असतात. मदात नसलेल्या नरापासूनही हत्तीण गाभण राहते. आणि मद जोरात म्हणून वीर्य चांगलं, असं अजिबात धरू नका.

वीर्य मिळवणं हीच मोठी परीक्षा. हत्तीची वृषणं बाहेर लोंबत नाहीत, पोटात मूत्रपिंडांजवळ असतात. मी जनावरांचा डॉक्टर. एका प्रशिक्षणात वीर्य काढताना जवळ उभा होतो. आधी गुदाशयातली लीद काढली, कोमट पाण्यानं धुतलं. मग खांद्यापर्यंत हातमोजा घालून आतून मालिश, आणि दुसऱ्यानं लिंगाच्या टोकाशी पिशवी धरलेली. पहिला नमुना पिवळसर आला. मूत्र मिसळलेलं, वाया गेला. दुसरा दुधाळ होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक शुक्राणू निपचित. दोन दिवसांनी त्याच नराचा नमुना घेतला तर काचेवर नुसती वळवळ! आशियाई नरांत हा चढउतार नेहमीचा आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तीच.

शिवाय आशियाई हत्तीचं वीर्य गोठवणं सोसत नाही. म्हणून बहुधा ताजं किंवा थंड केलेलंच वापरतात. अमेरिकेत मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या प्राणिसंग्रहालयात 1999 साली, आणि थायलंडमध्ये लांपांगला 2007 साली अशी पिल्लं जन्मली. गोठवलेल्या वीर्याचं गाजलेलं यश आफ्रिकन हत्तीत आहे: व्हिएन्नाच्या शोनब्रुन प्राणिसंग्रहालयात 2013 साली पिल्लू झालं, त्याचा बाप दक्षिण आफ्रिकेतला जंगली नर.

हत्तिणीची वेळ साधणं त्या मानानं सोपं. एलएच हे संप्रेरक एकाच चक्रात दोनदा उसळतं, साधारण तीन आठवड्यांच्या अंतरानं, आणि बीज सुटतं ते दुसऱ्या उसळीनंतर. पहिली उसळी रक्तात सापडली की तयारीला तीन आठवडे हाताशी. मात्र योनीपर्यंतची वाट मीटरभराहून लांब, म्हणून दुर्बिणीशिवाय नळी पोहोचवणं कठीण.

माझं स्पष्ट मत: नर-मादी एकत्र आणता येत असतील, तर आधी ते करा. आपल्या देशातल्या वनछावण्यांत रात्री चरायला सोडलेल्या हत्तिणी जंगली नरांपासून गाभण राहतात. कृत्रिम रेतन ठेवा ते नर नेणं शक्यच नसेल तिथं. आणि तुमच्या नराला एका नमुन्यावरून वांझ ठरवू नका; मद पूर्ण उतरल्यावर, काही दिवसांच्या अंतरानं, निदान तीन-चार नमुने तपासून घ्या.