तो बाहेर पडायच्या आधी पत्त्याचं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्याकडे शिकवणीला येणारा मुलगा बालगृहात वाढलाय, मार्चमध्ये त्याला १८ पूर्ण होतात, बारावीचा शेवटचा पेपर झाला की तिथून निघावं लागेल. नागपुरात त्याला किरायाने खोली कशी मिळवून द्यायची आणि सरकारी मदत काय मिळेल, असं तुम्ही विचारलंय. गेली अकरा वर्षं मी अशा मुलामुलींसोबत कचेऱ्यांचे जिने चढतेय, त्यावरून सांगते.

खोली आत्ता शोधू नका. आता नोव्हेंबर चाललाय, हातात चार महिने आहेत, ते कागदांना द्या. तो संस्थेत आहे तोवर अधीक्षकांची सही आणि शिक्का एका हाकेवर मिळतो. बाहेर पडला की त्याच शिक्क्यासाठी कामाचा दिवस बुडवून जावं लागतं, आणि तोवर कधी कधी अधीक्षकच बदललेले असतात.

माझ्यासोबतच्या एका मुलाचं ऐका. गॅरेजमध्ये काम लागलं होतं, पगार सुरू झाला होता, खोलीही ठरली होती. घरमालक भले माणूस, रीतसर करार करू म्हणाले. करार नोंदवणारा घरी आला, त्याने यंत्र पुढे केलं, पोराने अंगठा ठेवला. जुळेना. दुसरा अंगठा, मग एकेक बोट, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. आधार लहानपणी काढलेलं. १५व्या वर्षी ठसे नव्याने द्यायचे असतात, ते कुणी देऊन आणलेच नव्हते. जोडलेला मोबाइल नंबर संस्थेतल्या एका जुन्या कर्मचाऱ्याचा निघाला. घरमालकांचा चेहरा बदलत गेला तो मी पाहत होते. पोराने हात मागे घेतले, पँटला पुसले आणि "राहू द्या काकाजी" म्हणाला. करार नाही म्हणून खोली नाही, पत्ता नाही म्हणून बँकेचं काम अडलेलं, असे साडेचार महिने तो गॅरेजच्या माळ्यावर झोपला.

म्हणून आधी त्याला आधार केंद्रावर न्या. बोटं, डोळे, फोटो नवे द्या, त्याचा स्वतःचा नंबर जोडा. पत्ता सध्या संस्थेचाच असू द्या. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमुखांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. पुढे नोंदणीकृत भाडेकरारावर पत्ता बदलता येतो. बँकेतलं खातं बहुधा अधीक्षकांसोबतचं असेल. १८ पूर्ण झाले की ते त्याच्या एकट्याच्या नावावर करून घ्या आणि एटीएम कार्ड हातात आल्यावरच त्याला निघू द्या. मागाहून संस्थेच्या पत्त्यावर आलेलं कार्ड परत जातं. दाखला आणि गुणपत्रिका सगळ्यांच्या लक्षात असतात, पण बाल कल्याण समितीने (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) त्याला संस्थेत ठेवण्याचा जो आदेश काढला होता, त्याची प्रत मुलं मागायची विसरतात. 'तू संस्थेत होतास कशावरून?' असं पुढे जिथे जिथे विचारतील तिथे तोच कागद लागतो.

आता पैशांचं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मध्ये १८ पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. याला अनुरक्षण म्हणतात. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत, वयाच्या २१ पर्यंत, आणि गरज दाखवता आली तर २३ पर्यंत. पण कायद्याची भाषा 'देता येईल' अशी आहे, म्हणून आपणहून कुणी आणून देणार नाही. मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढे जायला हवा, असं नियमात आहे. तुमच्या हिशोबाने तो जानेवारीत जायला हवा. अधीक्षकांना आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आत्ताच लेखी विचारा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझ्याकडच्या एका मुलीचा अर्ज एका कार्यालयात आठ महिने सापडतच नव्हता. पोच होती म्हणून तो मिळाला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होती. मंजूर झाले तरी पहिले काही महिने हे पैसे येणारच नाहीत असं धरून चाला.

अनाथ प्रमाणपत्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: त्याचे आई आणि वडील दोघंही नाहीत का? बालगृहातल्या कितीतरी मुलांची आई असते, फक्त सांभाळू शकत नसते. त्यांना हे प्रमाणपत्र मिळत नाही, तेव्हा आधी माहिती घ्या आणि मगच त्याच्याजवळ विषय काढा. आशा दाखवून मागे घेतलेली या मुलांच्या फार जिव्हारी लागते. पात्र असेल तर मात्र अजिबात सोडू नका. महिला व बाल विकासच्या विभागीय उपायुक्तांकडून ते मिळतं आणि हे कार्यालय नागपुरातच आहे. त्यावर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत आणि शिक्षणात १ टक्का आरक्षण आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कही अनाथ मुलामुलींना पूर्ण माफ आहे. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहांत २ टक्के जागा अनाथांसाठी असतात. तो पुढे शिकणार असेल तर किरायाच्या खोलीपेक्षा मी वसतिगृहच सुचवेन. जेवण, अभ्यासाची जागा आणि पत्ता, तिन्ही एकदम मिळतं. अनुरक्षण गृहात, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ वर्षांपुढच्या मुलांसाठीच्या गृहात, जागा आहे का तेही विचारा, पण पुन्हा संस्थेत राहायला तो नको म्हणाला तर त्याला आग्रह करू नका.

नोकरीच धरायची असेल तर खोली कामाच्या दिशेने बघा. हिंगणा एमआयडीसीत काम मिळालं तर लोकमान्य नगरला जाणाऱ्या मेट्रोच्या लाइनवर कुठेही चालेल. स्वस्त म्हणून दूर वाठोड्याच्या आत घेतली तर किरायात वाचलेलं पेट्रोलात जातं. खोली बघायला तुम्ही स्वतः सोबत जा. आडनाव काय, गाव कोणतं, घरी कोण कोण, हे तिन्ही प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतात आणि पोरं चपलांकडे बघत उभी राहतात. काय सांगायचं ते आदल्या दिवशी त्याच्याशी बोलून ठरवा. बालगृहात वाढला हे सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं, तुम्ही किंवा मी नाही. मी इतकंच म्हणते, "माझ्या ओळखीचा आहे, काही लागलं तर मला फोन करा." माझ्या अनुभवात डिपॉझिटपेक्षा या वाक्याने जास्त दारं उघडली आहेत.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, नोंदवूनच घ्या. लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाची असते. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, वर मुद्रांक शुल्क. ही रक्कम आधीच बाजूला ठेवा. विजेचं युनिट काय भावाने लावणार आणि कूलर चालेल का, हे करारात लिहून घ्या. नागपूरचा मे महिना पत्र्याच्या खोलीत कूलरशिवाय काढणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि घरमालकाशी बिनसून खोली सोडायचे निम्मे प्रसंग मी त्याच विजेच्या बिलावरून पाहिलेत.

रेशन कार्डाचा अर्ज नवा पत्ता झाला की लगेच करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्याचा ५ लाखांपर्यंतचा खर्च बसतो, पण ओळख आणि पत्त्याचे कागद तिथेही दाखवावे लागतात. गॅसची नवी जोडणी मिळेपर्यंत ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. मतदार नोंदणीच्या ६ नंबरच्या अर्जात अनाथाला कायदेशीर पालकाचं नाव लिहिता येतं, वडिलांच्या नावापाशी अडून बसू नका.

मूल दिव्यांग असेल तर प्रश्न निराळाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अशा मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, ते वर्षानुवर्षं हेच मागत आलेत की बेवारस दिव्यांग मुलांना १८ नंतर संस्थेबाहेर काढू नका. मला ती मागणी शंभर टक्के पटते.

आणखी एक. माझ्या गॅरेजवाल्या पोराला शेवटी नंदनवनकडे खोली मिळाली. पहिल्या दिवशी त्याने भात लावला तो दहा माणसांचा, कारण त्याने भात फक्त संस्थेच्या पातेल्यात शिजताना पाहिला होता. आणि पहिले पंधरा दिवस तो दार उघडं टाकून झोपायचा. एका खोलीत एकटं झोपायची वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. मी रोज रात्री साडेनऊला फोन करायचे. काय जेवला एवढंच विचारायचे, तो सांगायचा, मग कडी लावल्याचा आवाज मला फोनवर ऐकवायचा. तुम्हाला जमत असेल तर पहिला महिना हे करा. आधार केंद्रावर ठसे घेतले गेले की मला इथेच कळवा. समितीपुढे द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देते.