गोव्याच्या प्रादेशिक आराखड्यात जमीन 'सेटलमेंट' दाखवली आहे, मग डिचोलीजवळच्या गावात घर बांधायला एवढं पुरेसं आहे का?

नाही, सेटलमेंट असणं म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. २०२१ चा प्रादेशिक आराखडा फक्त एवढंच सांगतो की त्या तुकड्याचा वापर वस्तीसाठी मान्य आहे. १९७४ च्या गोवा नगर नियोजन कायद्यात आराखड्यांची उतरंड आहे: वर प्रादेशिक आराखडा, आणि जिथे नियोजन क्षेत्र जाहीर झालंय (पणजी, मडगाव, वास्को वगैरे) तिथे नियोजन आणि विकास प्राधिकरणाचा (पीडीए) बाह्य विकास आराखडा, म्हणजे ओडीपी. त्यामुळे आधी तुमचा सर्व्हे क्रमांक कुणाच्या हद्दीत येतो ते पाहा. पीडीएबाहेरच्या गावात सहसा असं चालतं:

- नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयातून झोनिंग दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा)
- जमीन बिगरशेती करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून सनद
- खात्याची तांत्रिक मान्यता, मग पंचायतीचा बांधकाम परवाना

दलालाने मोबाइलवर दाखवलेल्या रंगीत नकाशावर इसारा देऊ नका. दाखला हातात आल्यावरच पैशांचं बोला. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. नकाशात रंग काहीही असो, कुळाने कूळ कायद्याखाली विकत घेतलेली शेतजमीन असेल तर १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा तिचा बिगरशेती वापर अडवतो. म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावरचा (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) कुळाचा रकाना आधी वाचा. खासगी वन किंवा सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) असेल तर ती बंधनंही वेगळी लागू होतात.