यादी वाढवू की नुसतं बघत बसू?

प्रश्न : ताई, तीन वर्षं झाली मी बर्डिंगला, म्हणजे पक्षी बघायला जातेय. आमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या यादीत ३०० जातींचे पक्षी झालेत, कुणाच्या ४००, माझ्या अजून १४६. जूनमध्ये सिंहगड व्हॅलीत नवरंग दिसला, मला त्याला पाचोळा उलटताना बघायचं होतं, पण सगळ्यांनी दोन मिनिटांत फोटो काढले आणि 'झाला, चला पुढे'. घरी मात्र गॅलरीतल्या शिंजिराच्या घरट्यापुढे तास कसा जातो कळतच नाही. यादी सोडूनच देऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सोडू नकोस गं, पण ग्रुपचे आकडे डोक्यातून काढून टाक. त्या घरट्यापुढे तू बसतेस ना, मला मनापासून तेच बर्डिंग वाटतं. जांभळ्या शिंजिराची मादीच कोळ्याच्या जाळ्याने कचरा-काटक्या बांधून ती लोंबती पिशवी करते, दारावर छोटासा छज्जा काढते, अंडीही एकटीच उबवते, आणि पिल्लं आली की मग नर चारा भरवायला येतो. वीण संपली की त्याच नराचा जांभळा रंग उतरतो, खालून पिवळा आणि छातीवर मधोमध एक गडद पट्टा, नवीन माणसाला वाटतं हा कुठला तरी वेगळाच पक्षी. यादीत तो एकदा लिहिला की संपला, तुला तो वर्षभर पुरेल.

पण यादी म्हणजे फक्त लायफरची, आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्यांची नाही. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, चेकलिस्ट टाकताना वेळ लिहायची आणि जे ओळखले ते सगळे पक्षी लिहायचे, साळुंकी, कावळा, होला, सगळे. अशाच साधारण ३०,००० लोकांच्या ३ कोटी नोंदींवर २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा राहिला, कुठले नेहमीचे पक्षी कमी होतायत हे त्यातून कळलं. दुर्मिळ पक्ष्यामागे पळणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

आणि नोंद खरीच हवी. आपला रानपिंगळा, एक छोटं घुबड, १८८४ नंतर कुणाला सापडत नव्हता, १९१४ ची गुजरातमधली एक नोंद होती पण ती चक्क खोटी निघाली, म्युझियममधला जुना नमुना चोरून त्यावर नवीन लेबल लावलेलं. तिच्या भरवशावर लोक भलतीकडे शोधत राहिले. ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा बघितल्या तेव्हा १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो दिसला! म्हणून आकडा वाढवायला 'बहुतेक तोच असेल' असं कधी लिहू नकोस, १४६ चे १४० झाले तरी चालतील.

पुढच्या वेळी नवरंग दिसला तर ग्रुपला सरळ सांग, तुम्ही व्हा पुढे, मी थांबते. फक्त अंतर ठेव, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नको, विणीच्या दिवसात तर नाहीच. आणि घरट्याची एक वही कर : काडी कधी आली, मादी कधी बसायला लागली, नर पहिल्यांदा चारा घेऊन कधी आला. पिल्लं उडाली की ती तारीख मलाही कळव.