डोकं फलाटावर, इलेक्ट्रोड चार डबे पुढे

प्रश्न : एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये कोड चालवायची वही) एमएनई-पायथन ही मेंदूच्या संकेतांची लायब्ररी वापरून डोक्याच्या थ्री-डी आकृतीवर ईईजीचे (मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या चाचणीचे) इलेक्ट्रोड दाखवायचे आहेत. चित्र येतं, पण माउसने फिरत नाही आणि इलेक्ट्रोड तर दिसतच नाहीत. काय चुकतंय? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : इलेक्ट्रोड गायब नाहीत, लांब गेलेत. एमएनई सगळं मीटरमध्ये मोजतं, तुमची फाइल बहुधा मिलिमीटरमध्ये असावी. ०.०९५च्या जागी ९५ गेलं, की कपाळावरचा इलेक्ट्रोड ९५ मीटरवर! म्हणजे डोकं फलाटाच्या या टोकाला आणि इलेक्ट्रोड लोकलचे चार-पाच डबे पुढे. मी स्वतः यात अख्खा शनिवार घालवलाय. कंटाळून झूम आउट करत गेले तेव्हा कुठे ठिपके दिसले, आणि डोकं मोहरीएवढं. माँटाज (इलेक्ट्रोडच्या जागांची यादी) बनवण्याआधी आकड्यांना १००० ने भागा. फ्रीसर्फर या एमआरआयवरून मेंदूचा आकार काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे पृष्ठभाग मिलिमीटरमध्येच असतात, त्यामुळे घोळ होतो.

फिरत नाही त्याचं सोपं आहे. थ्री-डी बॅकएंड (एमएनईचा चित्र काढणारा भाग) 'नोटबुक' ठेवा. पायव्हिस्टा, ट्रेम आणि आयपायविजेट्स ही पायथन पॅकेजेस कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारा प्रोग्राम) चालतो त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजेसच्या संचात) हवीत. मग कर्नल रीस्टार्ट.

नुसता मेंदूच दाखवायचा असेल तर नायलर्न (मेंदूच्या चित्रांची पायथन लायब्ररी) बरं. त्याचं चित्र एचटीएमएल म्हणून सेव्ह होतं, गाइडना मेल करा, त्यांच्या ब्राउझरमध्ये फिरेल. एफएसॲव्हरेज५ (सरासरी मेंदूचा हलका नमुना) घ्या : दर अर्धगोलाला १०,२४२ बिंदू. पूर्ण एफएसॲव्हरेजमध्ये १,६३,८४२ असतात, माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा तेवढ्यानेच घरघरायला लागतो.